सत्य आयोगाचा अहवाल कसा वाचावा

फोंडा तालुक्यातील आमच्या वाचनालयात शनिवारी संध्याकाळी जमणाऱ्या अभ्यास मंडळाने आग्नेय आशियातील पूर्व तिमोर या देशाच्या सत्य आयोगाचा अहवाल वाचायला घेतला, तेव्हा आम्ही थेट मृतांच्या आकड्यापाशी जाऊन थांबलो आणि तो आकडा खरा की फुगवलेला, या वादात दोन बैठका गेल्या. तो आकडा कोणी, कोणत्या अधिकाराने, किती लोकांशी बोलून आणि कशाशी ताडून काढला, हे त्याच अहवालात सविस्तर लिहिलेले होते. पण तिथवर आम्ही पोचलोच नव्हतो. पुढे क्रम बदलला आणि वाचन मार्गी लागले. तो क्रम इतर मंडळांना, शिक्षकांना आणि एकट्याने वाचणाऱ्यांना उपयोगी पडावा, म्हणून इथे मांडत आहे.

तिमोरपासून सुरुवात करण्याचे कारण गोव्याच्या वाचकाला फार समजावावे लागणार नाही. हा प्रदेशही पोर्तुगालची वसाहत होता आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत त्याचा कारभार गोव्यातील गव्हर्नरच्या अखत्यारीत होता. आपण १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झालो. तिमोरमध्ये पोर्तुगीज सत्ता १९७५ साली कोलमडली आणि त्याच वर्षी ७ डिसेंबरला इंडोनेशियाचे सैन्य राजधानी दिलीमध्ये उतरले. ३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात ७८.५ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला, तोपर्यंत चोवीस वर्षे हा कब्जा टिकला आणि निकालानंतरच्या हिंसाचारात देशाचा मोठा भाग जाळला गेला. आयोगाच्या अहवालाचे नाव ‘शेगा’ असे आहे. पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या आमच्या मंडळातील एका आजोबांनी ते ऐकताच, ‘म्हणजे पुरे झाले’, असे सांगितले आणि पुढे बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

आता मूळ प्रश्न: सत्य आयोग म्हणजे काय? युद्ध, हुकूमशाही किंवा परकी कब्जा संपल्यावर, मागील अनेक वर्षांत घडलेल्या अत्याचारांची चौकशी करण्यासाठी ठरावीक मुदतीपुरती नेमलेली अधिकृत संस्था म्हणजे सत्य आयोग. ती न्यायालय नसते, त्यामुळे कोणालाही तुरुंगात पाठवू शकत नाही. आपल्याकडे १९५२ च्या कायद्याखाली नेमले जाणारे चौकशी आयोग आपल्या परिचयाचे आहेत. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींवरील श्रीकृष्ण आयोग किंवा बेकायदा खाणींवरील शहा आयोग गोव्यातील वाचकाला लगेच आठवेल. मात्र असा आयोग बहुधा एखाद्या घटनेची किंवा गैरव्यवहाराची चौकशी करतो आणि साक्षीदाराकडे माहितीचे साधन म्हणून पाहतो. सत्य आयोग एका संपूर्ण कालखंडातील अत्याचारांची साखळी शोधतो. त्यात ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे सांगणे हेच कामाचे केंद्र असते आणि त्याचे म्हणणे राष्ट्राच्या अधिकृत नोंदीत जावे, हा स्वतंत्र उद्देश असतो.

आधी कार्यकक्षा वाचावी

अहवाल हातात आल्यावर निष्कर्षांचे पान उघडण्यापूर्वी आयोगाला कोणी नेमले, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतच्या घटना पाहायला सांगितल्या, कोणते गुन्हे त्यात धरले आणि कोणते अधिकार दिले, हे वहीत लिहून घ्यावे. वाचनातील निम्मे गैरसमज इथेच टळतात. दक्षिण आफ्रिकेच्या आयोगाला १९९५ च्या कायद्याने १ मार्च १९६० ते १० मे १९९४ हा काळ नेमून दिला होता आणि खून, अपहरण, छळ व अत्यंत क्रूर वागणूक एवढेच प्रकार त्याच्या कक्षेत येत होते. लाखो कृष्णवर्णीयांना घरादारातून उठवून वेगळ्या वस्त्यांत हलवण्याचे, पास दाखवल्याशिवाय फिरू न देण्याचे, म्हणजे वर्णभेदाच्या रोजच्या जाचाचे कायदे त्या कक्षेच्या बाहेर राहिले. आयोगावर पुढे झालेल्या टीकेतील सर्वांत वजनदार टीका हीच आहे आणि मला ती रास्त वाटते. परंतु कार्यकक्षा न वाचणारा वाचक तिचा दोष सदस्यांच्या माथी मारतो, जो कायदा करणाऱ्या तडजोडीचा होता.

अधिकारांची नोंदही अशीच बारकाईने करावी. अर्जेंटिनात लष्करी राजवट संपल्यावर राष्ट्राध्यक्ष राऊल आल्फोन्सिन यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लेखक एर्नेस्तो साबातो यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, पण लष्करी अधिकाऱ्यांना सक्तीने बोलावण्याचा अधिकार त्याला नव्हता आणि लष्कराने जवळजवळ काहीच सहकार्य केले नाही. तरीही सुटून आलेल्या कैद्यांना घेऊन सदस्य प्रत्यक्ष त्या इमारतींत गेले. डोळ्यांवर पट्टी असताना मोजलेल्या पायऱ्या, भिंतीचा स्पर्श, जवळून ऐकू येणारा आवाज यांवरून कैद्यांनी जागा ओळखल्या. अशा सुमारे ३४० गुप्त बंदिशाळा आणि ८,९६० बेपत्ता माणसांची नोंद सप्टेंबर १९८४ मध्ये, म्हणजे नऊ महिन्यांत, देशापुढे आली. उलट दक्षिण आफ्रिकेच्या आयोगाला समन्स काढण्याचे आणि झडती घेण्याचे अधिकार होते. अधिकार जास्त म्हणजे सत्य जास्त, असे सरळ समीकरण मात्र मांडता येत नाही.

साक्ष कशी घेतली, हे प्रकरण सर्वांत सावकाश वाचावे

माझ्या मते अहवालाचे मोल याच प्रकरणात ठरते, म्हणून इथे वेळेची काटकसर करू नये. तिमोरच्या आयोगाने जिल्ह्याजिल्ह्यांत पथके पाठवून ७,६६९ जबान्या घेतल्या. पेरूच्या आयोगाने २००१ ते २००३ या काळात सुमारे १७,००० जबान्या नोंदवल्या आणि त्यांतून दिसले की मृत व बेपत्ता माणसांपैकी प्रत्येकी चारांतील तिघांची मातृभाषा केचुआ किंवा तशीच दुसरी मूलनिवासी भाषा होती. ही माणसे डोंगरात मरत होती आणि स्पॅनिश बोलणाऱ्या राजधानीला त्याची दखल घ्यावीशी वाटली नव्हती. त्यामुळे साक्ष कोणत्या भाषेत सांगितली गेली, कोणत्या भाषेत उतरवली गेली आणि मधला दुभाषी कोण होता, हा प्रश्न वाचकाने प्रत्येक अहवालाला विचारला पाहिजे. गोव्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. क्वार्तेलात, म्हणजे पोर्तुगीज पोलीस ठाण्यात, मार खाणारा माणूस मराठीत किंवा कोकणीत ओरडत होता आणि त्याचा कबुलीजबाब पोर्तुगीजमध्ये लिहिला जात होता. आज सरकारी दफ्तरात उरला आहे तो फक्त दुसरा कागद.

साक्षीतील तारखांकडेही असेच समजून घेऊन पाहावे. माझी आजी तिच्या भावाला पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या, पोलिसांनी नेल्याची हकीगत सांगताना साल कधीच सांगत नसे. ‘शिमग्याच्या आधी, काजूला मोहोर होता तेव्हा’, एवढेच म्हणे. लहानपणी मला ते मोघम वाटायचे. पुढे आयोगांच्या कामाविषयी वाचले तेव्हा कळले की चांगला जबानी घेणारा माणूस अशा खुणांपासूनच सुरुवात करतो: तेव्हा शेतात काय होते, कोणता सण जवळ होता, घरात कोणाचा जन्म झाला होता, आणि मग तो त्या खुणा इतर साक्षींशी व कागदांशी जुळवत तारखेपर्यंत पोचतो. तारीख न आठवणे म्हणजे घटना न घडणे नव्हे. जबानी घेणाऱ्यांना हे शिकवले होते का, हे अहवालाच्या कार्यपद्धतीच्या भागात शोधावे.

कोण बोलले नाही, हेही पाहावे. दक्षिण आफ्रिकेत आयोगाच्या सुरुवातीच्या सुनावण्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या, पण त्या मुलाविषयी, नवऱ्याविषयी, भावाविषयी सांगत. स्वतःवर काय गुदरले ते सांगत नसत. हे लक्षात आल्यावर आयोगाने स्त्रियांसाठी वेगळ्या सुनावण्या ठेवल्या. तिमोरमध्येही स्त्रिया आणि संघर्ष या विषयावर राष्ट्रीय सुनावणी झाली. लैंगिक अत्याचारांच्या नोंदी कमी दिसल्या, तर ते अत्याचार कमी झाले असा अर्थ वाचकाने कधीही काढू नये.

पडताळणी हा शब्द ऐकून काही जणांना वाटते की पीडितावर अविश्वास दाखवला जात आहे. माझे मत नेमके उलट आहे. ज्याने तीस-चाळीस वर्षे मनात ठेवलेले एकदाचे सांगितले, त्याच्या सांगण्याला उद्या कोणी उठून खोटे म्हणू नये, यासाठी ते दुसऱ्या साक्षीशी, दवाखान्याच्या नोंदीशी, तुरुंगाच्या नोंदवहीशी ताडून पाहणे हे त्याच्याविषयीचे कर्तव्य आहे. एल साल्वादोरमध्ये १९९२-९३ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने काम केलेल्या आयोगाने प्रत्येक निष्कर्षापुढे पुरावा किती भक्कम आहे, हे तीन पायऱ्यांत सांगितले: निर्विवाद, भरीव आणि पुरेसा. ही पद्धत मला फार प्रामाणिक वाटते. वाचताना आपणही समासात अशाच खुणा कराव्यात, म्हणजे सिद्ध काय आणि संभाव्य काय, याची गल्लत होत नाही.

आता तो आकडा

तिमोरच्या आयोगाच्या अंदाजानुसार १९७४ ते १९९९ या काळात संघर्षामुळे किमान १,०२,८०० माणसे मृत्युमुखी पडली आणि या अंदाजात सुमारे १२,००० ची वधघट धरलेली आहे. त्यांपैकी सुमारे १८,६०० माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली; उरलेली सुमारे ८४,२०० भूक आणि आजार यांनी गेली. हा तपशील वाचला तेव्हा आमच्या मंडळातील वादाचे स्वरूपच पालटले, कारण ‘मृत’ या शब्दाने आम्ही सर्वांनी गोळीने मेलेली माणसे डोळ्यांपुढे आणली होती. प्रत्यक्षात बहुतेक माणसे डोंगरातून हाकलून छावण्यांत कोंडली गेल्यावर, शेती करण्याची मुभा नसताना, अन्नावाचून मेली. आयोगाने तीन वेगवेगळ्या स्रोतांतून हा हिशेब बांधला: जबान्या, सुमारे १,४०० कुटुंबांचे मृत्यूविषयीचे सर्वेक्षण, आणि सार्वजनिक दफनभूमींतील तीन लाखांहून अधिक कबरींची गणना. ज्या अहवालात आकड्यासोबत वधघट आणि स्रोत दिलेले असतात, त्यावर अधिक विश्वास ठेवावा. नुसता गोल आकडा दिसला की कार्यपद्धतीचे पान पुन्हा उघडावे.

नावे, कबुली आणि माफी

गुन्हेगारांची नावे जाहीर करावीत का, यावर प्रत्येक देशाने वेगळे उत्तर दिले. चिलीच्या आणि मोरोक्कोच्या आयोगांनी नावे छापली नाहीत. एल साल्वादोरच्या आयोगाने छापली आणि १५ मार्च १९९३ ला अहवाल आल्यावर पाचच दिवसांनी तिथल्या विधिमंडळाने सार्वत्रिक माफीचा कायदा केला. नाव छापण्यापूर्वी त्या व्यक्तीला म्हणणे मांडण्याची संधी मिळाली का, हे वाचकाने पाहावे, कारण आयोगासमोर वकिली उलटतपासणी न्यायालयासारखी होत नाही.

माफीविषयी सर्वांत जास्त गैरसमज दक्षिण आफ्रिकेबद्दल आहेत. आर्चबिशप डेस्मंड टुटू अध्यक्ष होते, पीडित आणि पोलीस एकाच सभागृहात बसत होते, साक्षी ऐकताना टुटूंना रडू कोसळले, ही चित्रे जगभर गेली आणि तिथे सर्वांना माफ केले गेले, असा समज रूढ झाला. वास्तविक माफी प्रत्येकाने स्वतंत्र अर्ज करून मागायची होती आणि गुन्हा राजकीय हेतूने केला होता व संपूर्ण सत्य उघड केले आहे, या दोन्ही अटी पूर्ण झाल्याशिवाय ती मिळत नव्हती. ७,११२ अर्जांपैकी ८४९ मंजूर झाले आणि ५,३९२ फेटाळले गेले. वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या मृत्यूस जबाबदार असलेल्या पोलिसांनाही १९९९ मध्ये माफी नाकारण्यात आली. सत्याच्या बदल्यात शिक्षेपासून सुटका, हा सौदा ज्या विधवेच्या पतीच्या बाबतीत होतो तिला तो मान्य असलाच पाहिजे, असे म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. अनेक कुटुंबांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले आणि १९९६ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती तरतूद कायम ठेवली.

तिमोरने याबाबतीत निराळी वाट घेतली आणि ती गावाच्या पातळीवर असल्यामुळे आपल्याला अधिक जवळची वाटेल. चोरी, घर जाळणे, किरकोळ मारहाण अशा गुन्ह्यांतील माणूस आयोगाकडे लेखी कबुली देई. ती आधी सरकारी अभियोक्त्याकडे जाई आणि खून किंवा बलात्काराचा संशय नसेल तरच प्रकरण गावात येई. मग गावातील वडीलधाऱ्यांच्या उपस्थितीत मोठी चटई अंथरली जाई, ज्या विधीला तिथे ‘नाहे बिती बोओत’ म्हणतात. दोन्ही बाजू त्या चटईवर बसत आणि प्रश्न सुटेपर्यंत ती गुंडाळली जात नसे. कबुली, प्रश्न, संताप, रडणे हे सगळे तिथेच होई आणि शेवटी शाळेची दुरुस्ती, भरपाई किंवा जाहीर क्षमायाचना असे काही ठरून जिल्हा न्यायालय त्यावर शिक्का उठवी. सुमारे १,४०० जणांनी ही प्रक्रिया पूर्ण केली. गोव्यात मांडावर, म्हणजे गाव जमते त्या पवित्र जागी, साऱ्या गावाच्या साक्षीने बोललेला शब्द घरी बोललेल्या शब्दापेक्षा जड असतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या चटईचे बळ कळेल. तिची मर्यादाही कळेल: गावात ज्याचा आवाज आधीच दबलेला आहे, त्याला चटईवरही तो सापडतोच असे नाही.

मोठ्या गुन्ह्यांचे काय झाले, हे मात्र कडू आहे. दिलीतील विशेष न्यायपीठांनी ८४ जणांना दोषी ठरवले, पण तीनशेहून अधिक आरोपी इंडोनेशियात राहिले आणि त्यांना कधी हजर करता आले नाही. लहान गुन्हेगार गावासमोर चटईवर बसला आणि हुकूम देणारा सीमेपलीकडे निवृत्त झाला. हे वाचताना आमच्यातील काही जणांना पत्रादेवी आठवली. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, वीसहून अधिक माणसे गेली, तिथे स्मारक उभे राहिले. पण गोळीचा हुकूम कसा खाली आला, याची साक्षीपुराव्यांसह खुली चौकशी करणारा आयोग ना गोव्यात बसला, ना लिस्बनमध्ये.

शिफारशींच्या पानानंतर वाचन थांबवू नये

अहवालाचे शेवटचे प्रकरण शिफारशींचे असते आणि खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते, म्हणून पुढच्या दहा-वीस वर्षांत काय घडले ते वेगळे शोधून वहीत जोडावे. दक्षिण आफ्रिकेच्या आयोगाने पीडितांना सहा वर्षे दरसाल भरपाई द्यावी, असे सुचवले. सरकारने अखेर प्रत्येकी ३०,००० रँडची एकरकमी रक्कम दिली. कॅनडात मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या निवासी शाळांवरील आयोगाने २०१५ मध्ये ९४ सूचना केल्या आणि त्यांतील किती पुऱ्या झाल्या, याचा हिशेब तिथले लोक आजही मांडतात. अर्जेंटिनात आयोगाचे कागद १९८५ च्या खटल्यात पुरावा झाले आणि लष्करी राजवटीचे प्रमुख विदेला यांना जन्मठेप झाली. नंतर कायदे करून आणि माफी देऊन सगळे थांबवले गेले. पण २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे रद्दबातल ठरवले तेव्हा वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या जबान्या पुन्हा उपयोगाला आल्या. तोवर अनेक साक्षीदार हयात नव्हते. सत्य आयोगाच्या मोलाविषयी मला कोणी विचारले, तर मी हेच उदाहरण देतो: न्याय करण्याची ताकद समाजात नसते त्या काळातही पुरावा जपता येतो.

उशिराची किंमत पाहायची असेल, तर शेजारच्या नेपाळकडे पाहावे. तिथल्या दहा वर्षांच्या सशस्त्र संघर्षानंतर नोव्हेंबर २००६ च्या शांतता करारात आयोगाचे वचन होते. कायदा २०१४ मध्ये झाला, आयोग २०१५ मध्ये बसला, साठ हजारांहून अधिक तक्रारी आल्या आणि माफीच्या तरतुदींवरील वादामुळे कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा बदलावा लागला. कळंगुट आणि बागा परिसरातील हॉटेलांत आपल्याला चहा आणून देणाऱ्या एखाद्या नेपाळी माणसाच्या घरातील तक्रारही त्या ढिगात असू शकते, ही जाणीव ठेवून ते वाचावे.

कागद टिकतात असे गृहीत धरू नये, हे गोव्याला वेगळे सांगायला नको. इथले इन्क्विझिशन १५६० पासून, मधली काही वर्षे सोडता, १८१२ पर्यंत चालले आणि त्याच्या खटल्यांची बहुतेक कागदपत्रे नष्ट झाली. ज्यांना शिक्षा झाल्या त्यांचे स्वतःचे शब्द आपल्यापर्यंत जवळजवळ पोचलेच नाहीत. तिमोरच्या आयोगाने आपले कार्यालय दिलीतील बालिदे भागातील जुन्या तुरुंगात थाटले, जो पोर्तुगीजांनी बांधला होता आणि इंडोनेशियाने वापरला होता. जबान्यांच्या ध्वनिफिती तिथेच ठेवल्या आणि आता त्याच इमारतीत त्या जपणारी राष्ट्रीय संस्था आहे.

आमच्या मंडळाने अहवाल वाचून झाल्यावर गावातील ऐंशी ओलांडलेल्या माणसांच्या आठवणी नोंदवायला घेतल्या आहेत. आम्ही आयोग नाही आणि तसा आव आणत नाही. पण पद्धत तिथूनच घेतली आहे. बोलणाऱ्याची संमती आधी घ्यावी आणि मधेच थांबण्याची मुभा त्याला सांगून ठेवावी. त्याच्याच बोलीत ध्वनिमुद्रण करावे आणि मराठीत उतरवताना शब्द सुधारू नयेत. शेजाऱ्यावर आरोप असेल तर ते नाव मंडळाच्या वहीत वेगळे व बंद ठेवावे. उतरवलेला मजकूर बोलणाऱ्याला वाचून दाखवावा, त्याने सुचवलेली दुरुस्ती तारखेसह नोंदवावी, आणि एक प्रत त्याच्या घरी, देवघराच्या फळीवर किंवा तो सांगेल तिथे, ठेवून मगच निघावे.